मेंदूतली गाठ सावकाश वाढणारी असेल तर घाई किती करायची?

अमळनेर तालुक्यातून एका धाकट्या भावाने विचारलं आहे. दादा ३६ वर्षांचा. जानेवारीत रात्रीच्या लाईटवर गव्हाला पाणी भरायला गेला आणि बांधावरच आयुष्यातली पहिली फिट येऊन पडला. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात साडेचार सेंटिमीटरची गाठ निघाली. रिपोर्टवर लिहिलंय, ‘लो ग्रेड ग्लायोमा असावा’. एक डॉक्टर ऑपरेशन सांगतात. दुसरे म्हणतात, गोळ्या चालू ठेवा, सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करू. आई म्हणते, पोरगा धडधाकट आहे, डोकं उघडू द्यायचं नाही. कोणाचं ऐकायचं?

मी जळगावात मेंदूची ऑपरेशनं करतो, बावीस वर्षं झाली. आईंचं वाक्य मी बहुतेक प्रत्येक घरातून ऐकलं आहे. ‘चांगला जेवतो, चांगला झोपतो, मग कशाला?’ आणि त्यांना दिसतं ते खोटं नाही. लो ग्रेड ग्लायोमा म्हणजे मेंदूच्या आधारपेशींतून निघणारी गाठ, आणि ती इतकी हळू वाढते की मेंदू तिला जागा करून देत राहतो, तिथली कामं शेजारच्या भागांकडे सरकवतो. म्हणून चांगल्या लिंबाएवढी गाठ डोक्यात असूनही माणूस ट्रॅक्टर चालवतो आणि अडत्याचा हिशोब तोंडी करतो. तेवढाच रक्तस्राव एका रात्रीत झाला असता तर दादा आज बोलायच्या स्थितीत नसता.

उपचार न केलेल्या अशा गाठींचा व्यास सरासरी वर्षाला ४ मिलिमीटरच्या आसपास वाढतो, असं वारंवार केलेल्या एमआरआयच्या मोजणीतून दिसलं आहे. म्हणजे दादाची गाठ जानेवारीतली नाही. त्याच्या लग्नातही ती बहुधा डोक्यात होती. पण ही वाढ कधी थांबत नाही, आणि यातल्या बहुतेक गाठी पुढे कधीतरी स्वभाव बदलतात, वेगाने वाढायला लागतात. ते केव्हा होईल याची तारीख कोणीच देऊ शकत नाही. त्यामुळे उद्या सकाळी रुग्णवाहिका करून मुंबई गाठण्याची गरज नाही, पण पुढच्या हंगामानंतर बघू असंही नाही. चार-सहा आठवडे तुमच्या हातात आहेत.

त्या आठवड्यांत पहिलं काम, ही गाठ खरंच तीच आहे का हे पाहणं. आपल्या भागात फिट आली आणि स्कॅनवर डाग दिसला की आधी टीबीची गाठ किंवा पट्टकृमीच्या अळीचं सिस्ट आठवतं, आणि ते चूक नाही. दोन्ही आपल्याकडे भरपूर. पण ते डाग बहुधा लहान असतात, कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर बांगडीसारखे कडेने उजळतात आणि भोवती सूज असते. लो ग्रेड ग्लायोमा बहुधा कॉन्ट्रास्ट घेतच नाही. एमआरआयच्या फ्लेअर नावाच्या चित्रात नुसता पांढरा, फुगीर पट्टा दिसतो, ज्याची कड नेमकी कुठे संपते ते कळत नाही. साध्या सीटी स्कॅनवर तो काळपट डाग म्हणून दिसतो, कधी जुना लकवा समजला जातो, कधी सुटूनच जातो.

मी स्वतः यात चुकलो आहे. प्रॅक्टिस नवी होती. शिरपूरकडचे एक शिक्षक, सीटीवर डाग, कडेला किंचित उजळल्यासारखं वाटलं. एमआरआयसाठी बाहेरगावी जावं लागणार होतं, त्यांची परिस्थिती बेताची, म्हणून मी टीबीची औषधं चालू केली. फिट गोळ्यांनी थांबल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांना वाटलं गुण येतोय. नऊ महिन्यांनी एमआरआय केला तेव्हा डाग मोठा झालेला. ग्लायोमा होता. तेव्हापासून कॉन्ट्रास्ट न घेणाऱ्या डागावर टीबीची औषधं मी अंदाजाने देत नाही. आणि फिट थांबली म्हणजे निदान बरोबर, हे तर कधीच धरत नाही. फिटची गोळी कुठल्याही कारणाच्या फिट थांबवते.

तुमच्या दादाचा एमआरआय कॉन्ट्रास्टसह झाला आहे का ते बघा. नसेल तर तो करून घ्या. आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासतील, ते नेहमीचंच आहे. एक साधा सीटीही उपयोगी पडतो, कारण गाठीत चुन्याचे ठिपके दिसले तर ग्लायोमाच्या ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या जातीकडे बोट जातं, आणि त्या जातीचं भवितव्य तुलनेने चांगलं असतं. स्पेक्ट्रोस्कोपी नावाची, एमआरआय यंत्रावरच गाठीतली रसायनं मोजणारी तपासणी करून आणणारे बरेच येतात. मदत होते, पण नुसत्या तिच्या आलेखावर मी कोणाला सुटीही देत नाही आणि टेबलावरही घेत नाही. दुसरं मत घ्यायला जाताना रिपोर्टचा कागद नको, सीडी न्या. कागदावर दुसऱ्याचं मत असतं, चित्रं सीडीत असतात.

‘लो ग्रेड असावा’ यातला ‘असावा’ मात्र गंभीरपणे घ्या. प्रौढ माणसात कॉन्ट्रास्ट न घेणाऱ्या गाठींपैकी काही तपासणीत वरच्या ग्रेडच्या, म्हणजे जास्त आक्रमक, निघतात. चित्रावरून ग्रेड ठरत नाही, गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. (रिपोर्टमध्ये मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, किंवा पिट्युटरीची गाठ असं काही लिहिलं असतं तर हे सगळं उत्तर वेगळं झालं असतं. त्याही सावकाश वाढतात, पण मेंदूच्या पेशींतून निघत नाहीत. छोट्या मेनिंजिओमाला नुसतं लक्ष ठेवणं हा उत्तम उपचार असू शकतो. शेजारच्या गावातल्या बाईची गाठ ‘तशीच ठेवली आणि काही झालं नाही’ ही गोष्ट बहुतेक वेळा त्या गाठीची असते.)

आता फिटबद्दल, कारण या आजारात बहुतेकांचा पहिला निरोप तोच असतो. बांधावरची फिट पहिली होती असं तुम्ही लिहिलंय. मला शंका आहे. वहिनींना एकदा नीट विचारा: बोलता बोलता दादा मिनिटभर गप्प होतो का? शब्द अडकतात का? उजव्या हाताला किंवा गालाला मधूनच झटके येतात का? मोठी फिट येण्याच्या आधी कधी कधी वर्ष-दोन वर्षं अशा बारीक फिट चालू असतात आणि घरात त्याला ‘तंद्री लागते’ म्हणतात. गाठ कानशिलामागच्या भागात असेल तर आणखी चमत्कारिक: पोटातून काहीतरी वर चढतं, नसलेला जळका वास येतो, हे सगळं आधी घडून गेलंय असं वाटतं. अशी एक बाई साक्रीकडून माझ्याकडे आली ती दोन वर्षं भगताकडे जाऊन आणि सप्तशृंगगडाच्या तीन वाऱ्या करून. गडावर जरूर जा, माझंही कुलदैवत तेच. फक्त गोळी सोबत न्या.

ती रात्रीची पाळीही लक्षात घ्या. मेंदूत गाठ असलेल्या माणसाला जागरण म्हणजे फिटचं आमंत्रण. शेतीच्या पंपाला लाईट रात्री येते, माणूस दोन-तीन रात्री सलग जागतो आणि पहाटे पडतो. यापुढे दादाने रात्रीचं पाणी भरायचं नाही, विहिरीच्या कठड्यावर एकट्याने जायचं नाही, पोहायचं नाही, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल बंद. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फेफऱ्याचा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो, तिथे खोटं लिहू नका. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. कांदा आणि चप्पल बाजूला ठेवा. पाच मिनिटांवर चालली तर थेट दवाखाना.

फिटची गोळी बहुधा लेव्हेटिरासिटाम चालू केली असेल. चांगली गोळी आहे, दुसऱ्या औषधांशी भांडत नाही. पण काही जण तिच्यावर फार चिडके होतात. घरात ‘आजारपणाने स्वभाव बिघडला’ म्हणतात आणि दोष असतो गोळीचा. तसं होत असेल तर सांगा, बदलता येते. स्वतःहून मात्र एक दिवसही बंद करू नका.

आणि ऑपरेशन. सहा महिने थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी चूक ठरवणार नाही. मी शिकत होतो तेव्हा तोच रिवाज होता, कारण लवकर ऑपरेशन करून आयुष्य वाढतं याचा ठोस पुरावा नव्हता. मग २०१२ मध्ये नॉर्वेतून एक अभ्यास आला. तिथल्या एका रुग्णालयात तुकडा काढून वाट पाहण्याची पद्धत होती, दुसऱ्यात लवकर गाठ काढण्याची. रुग्ण आपापल्या पत्त्याप्रमाणे या किंवा त्या रुग्णालयात जात, त्यामुळे तुलना बरीच निकोप झाली. पाच वर्षांनी वाट पाहणाऱ्यांत सुमारे ६० टक्के जिवंत होते, गाठ काढणाऱ्यांत ७४ टक्के. त्यानंतर माझं मत पक्कं झालं: तरुण माणूस, गाठ हाताला येणारी, तर जेवढी सुरक्षितपणे निघेल तेवढी काढावी. शिवाय गाठ बरीचशी निघाली की निम्म्याहून जास्त लोकांच्या फिट थांबतात, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फायदा लहान नाही. वाट पाहणं मी आजही सुचवतो, पण ते दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये सापडलेल्या छोट्या डागाला, खूप वयस्क माणसाला, किंवा गाठ अशा खोल जागी असेल की हात लावणंच धोक्याचं, तेव्हा. दादा यांपैकी कशातच बसत नाही. ‘सहा महिन्यांनी एमआरआय’ हा सल्ला त्याला ऑपरेशननंतर लागेल.

तुमच्या प्रश्नात नसलेली पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आता. डावा पुढचा भाग म्हणजे उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसात बोलण्याच्या केंद्राचा शेजार. इथे गाठ काढायची तर रुग्णाला जागं ठेवून ऑपरेशन करणं उत्तम. ऐकून आई घाबरतील. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. दुखतं ते कातड्याला आणि मेंदूवरच्या आवरणाला, ते बधिर केलेलं असतं. कवटी उघडताना झोप दिली जाते, मग उठवलं जातं. आम्ही मेंदूच्या एकेका जागी अगदी सौम्य विजेचा स्पर्श करतो आणि त्याच वेळी समोर बसलेला सहकारी रुग्णाला चित्रं दाखवून नावं विचारतो, आकडे मोजायला लावतो, हात हलवायला सांगतो. स्पर्श होताच शब्द अडला तर ती जागा सोडायची. असं करत करत गाठ काढायची आणि बोलणं राखायचं.

पण विचारायचं कुठल्या भाषेत? अमळनेरकडचा माणूस घरात अहिराणी बोलतो आणि शाळेत मराठी शिकलेला असतो. अहिराणीत ळ चा य होतो. डोळ्याचं चित्र दाखवलं की तो ‘डोया’ म्हणतो, केळ्याचं दाखवलं की ‘केयं’. पुण्या-मुंबईचा सहकारी समोर असेल तर त्याला वाटेल शब्द बिघडला, आणि आम्ही बोलण्याशी संबंध नसलेली जागा उगाच सोडून देऊ, तिथली गाठ मागे ठेवू. उलटंही होतं. माझा एक रुग्ण मराठीत धडाधड नावं सांगत होता. सहज म्हणून अहिराणीत गप्पा सुरू केल्या तर मध्येच थांबला आणि म्हणाला, ‘माले काय सुची नही राह्यनं.’ दोन भाषांच्या जागा मेंदूत पूर्णपणे एकावर एक नसतात. म्हणून सर्जनना आधीच सांगा की घरची बोली अहिराणी आहे. आदल्या दिवशी दोन्ही भाषांत सराव करून घ्यायला लावा, चित्रांची दादाने सांगितलेली नावं लिहून ठेवायला लावा. रावेर-यावलकडचा लेवा गणबोली बोलणारा असो की शहाद्याकडचा पावरी बोलणारा, त्यालाही हेच लागू. ज्या भाषेत माणूस आईशी बोलतो ती वाचली नाही तर ऑपरेशन यशस्वी म्हणायची मला लाज वाटेल.

आणखी एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. या भागातल्या ऑपरेशननंतर काही रुग्ण दुसऱ्या दिवशी एकदम मुके होतात, उजवा हात-पाय हलवत नाहीत. नातेवाईक हादरतात, एकाने तर माझी कॉलर धरली होती. हातापायाची हालचाल सुरू करून देणारा भाग गाठीलगत असतो, त्याला धक्का बसल्याने हे होतं, आणि बहुतेकांत काही आठवड्यांत भरून येतं. ऑपरेशनआधी सर्जनना हे विचारा. त्यांनी सविस्तर समजावलं तर समजा त्यांनी अशी ऑपरेशनं केली आहेत. जळगाव, नाशिक की मुंबई, यापेक्षा जागं ठेवून करण्याची सवय तिथे किती आहे हे बघा.

गाठ निघाल्यावरचा तुकडा हा तुमचा सर्वांत मोलाचा ऐवज. आपल्याकडे तो अजूनही फॉर्मॅलिनच्या बरणीत घालून नातेवाइकाच्या हातात दिला जातो आणि पिशवीत घालून रात्रीच्या गाडीने प्रवास करतो. जा, पण प्रयोगशाळेने बनवलेला मेणाचा ब्लॉक नंतर परत मागून घ्या आणि सांभाळा. कारण २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणापासून या गाठीचं नाव नुसत्या सूक्ष्मदर्शकावर ठरत नाही, जनुकांवर ठरतं. आयडीएच नावाच्या जनुकात बदल आहे आणि गुणसूत्रांचे वन-पी व नाइन्टीन-क्यू हे दोन्ही तुकडे गेलेले आहेत, तर ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. आयडीएच बदललेला पण ते तुकडे शाबूत, तर ॲस्ट्रोसायटोमा. आयडीएच बदललेलाच नसेल तर सावध, कारण तशी गाठ दिसायला शांत असून वागायला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे सर्वांत आक्रमक जातीची, असू शकते. साध्या रंगाच्या तपासणीत आयडीएचचा सर्वांत सामान्य बदल सापडतो, पण साधारण दहातला एक सुटतो. तपासणी ‘निगेटिव्ह’ आली आणि रुग्ण तरुण असेल तर पुढची जनुकीय तपासणी करून घ्या. इथे पैसे वाचवू नका, पुढचे सगळे उपचार या एका कागदावर ठरतात.

मग रेडिएशन, ज्याला आपल्याकडे शेक म्हणतात, आणि केमो. सगळ्यांना लगेच लागतं असं नाही. वय ४० च्या आत, ग्रेड दोन, गाठ जवळपास पूर्ण निघालेली, तर नुसतं लक्ष ठेवता येतं: पहिली काही वर्षं दर चार-सहा महिन्यांनी एमआरआय. शेक लवकर दिला तर गाठ पुन्हा डोकं वर काढायला उशीर होतो, पण एकूण आयुष्य वाढत नाही, असं युरोपातल्या मोठ्या चाचणीत दिसलं. आणि शेकाने वर्षांनंतर स्मरणशक्ती मंदावू शकते, म्हणून तरुण माणसात तो गरज नसताना खर्च करू नये. पण गाठ बरीच मागे राहिली असेल किंवा वय चाळिशीपुढे असेल तर अर्धवट उपचार करू नयेत. अमेरिकेतल्या २५१ रुग्णांच्या चाचणीत नुसता शेक घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे रुग्ण ज्यापेक्षा जास्त जगले तो काळ) ७.८ वर्षं होतं, शेकानंतर पीसीव्ही नावाची तीन औषधांची केमो घेतलेल्यांचं १३.३ वर्षं. शेक साधारण ५० ते ५४ ग्रे (ग्रे हे शेकाचं माप), रोज थोडाथोडा, सुमारे सहा आठवडे. पीसीव्ही जड जाते म्हणून आपल्याकडे बरेच जण टेमोझोलोमाइडच्या गोळ्या देतात. दादाला अजून मूल हवं असेल तर केमोआधी वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल विचारा. डॉक्टर विसरतात, आणि घरात कोणी विषय काढत नाही.

२०२३ मध्ये व्होरासिडेनिब या गोळीचे निकाल आले. आयडीएच बदललेल्या, फक्त ऑपरेशन झालेल्या आणि गाठ शिल्लक असलेल्या ३३१ रुग्णांत गाठ पुढे सरकण्याचा काळ ११.१ वरून २७.७ महिन्यांवर गेला. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये तिला मंजुरी मिळाली. औषध आशादायक आहे. आयुष्य किती वाढतं हे कळायला वेळ लागेल, आणि किंमत आपल्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली नाही. त्यासाठी जमीन विकू नका.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. त्यात बसणारं रुग्णालय निवडताना आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, आधी भेटा, भरती झाल्यावर नाही. तुकड्याबद्दल किंवा शेकाबद्दल शंका असेल तर परळच्या टाटा मेमोरियलमध्ये मत घेता येतं. रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या दिवशी परत येणारी पुष्कळ कुटुंबं मला माहीत आहेत. मुक्कामाची तयारी मात्र ठेवा.

आईंना घेऊनच सर्जनकडे जा, बाहेर बाकावर बसवू नका. ‘डोकं उघडू द्यायचं नाही’ यामागे बहुधा तीन भीती असतात: पोरगा टेबलावरून उठणार नाही, वेडा होईल, आणि पूर्ण टक्कल करून विद्रूप दिसेल. पहिल्या दोन्हींवर सर्जनना त्यांच्या तोंडावर बोलू द्या, आकड्यांसकट. तिसरीचं मी सांगतो: आता केसांची बोटभर रुंद पट्टीच काढतात, आणि तीन महिन्यांत टाका शोधावा लागतो. जाताना सीडी, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि जमलं तर वहिनींनी मोबाईलवर काढलेला ‘तंद्री’चा व्हिडिओ न्या. त्या अर्ध्या मिनिटात मला कधी कधी संपूर्ण फाइलपेक्षा जास्त कळतं.